तांजुंग पुतिंगला जायचंय? बोर्निओच्या पीट दलदलीतल्या जंगलसहलीची तयारी, क्रमवार

बोर्निओ बेटावर, इंडोनेशियाच्या मध्य कालिमांतान प्रांतातल्या तांजुंग पुतिंग राष्ट्रीय उद्यानात ओरांगउटान बघायला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या वाढते आहे, आणि नाराज होऊन परतणाऱ्यांचीही. त्यांच्या तक्रारी ऐकल्या की कारण बहुतेक वेळा एकच निघतं: सहल ताडोबाच्या सफारीसारखी आखलेली असते. गेटवर पोहोचायचं, गाडीत बसायचं, प्राणी दिसला की परतायचं. इथे गाडी नाही आणि रस्ताही नाही. सगळा प्रवास नदीतून, लाकडी नावेतून होतो. जंगल उभं आहे तेच पाण्याने भरलेल्या, अर्धवट कुजलेल्या पानालाकडांच्या थरावर. यालाच पीट म्हणतात. ४,००० चौरस किलोमीटरहून मोठ्या या उद्यानात पीट दलदलीबरोबर खारफुटीची आणि कोरड्या जमिनीवरची जंगलंही आहेत. पर्यटक मात्र जवळजवळ सगळे सेकोन्यर या एकाच नदीने आत जातात.

ओरांगउटानांना फळं ठेवतात त्या लाकडी मंचांवर ठरलेल्या वेळी तासभर जे दिसतं, तो सहलीचा एक भाग झाला. बाकीचं सगळं पहाटे आणि संध्याकाळी नदीकाठी दिसतं. त्या वेळा हाती लागतील असं नियोजन करायला हवं. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत. क्रम बदलू नका, विशेषतः पहिल्या चार पायऱ्यांचा.

## पायरी १: आधी महिना ठरवा

बहुतेक लोक शाळेची सुट्टी किंवा स्वस्त तिकीट बघून तारीख ठरवतात. इथे आधी पाऊस आणि धूर बघायचा.

साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस जास्त. नदी भरलेली असते आणि नावा सहज आत जातात, पण पायवाटा पाण्याखाली जातात आणि जळवा वाढतात. जून ते सप्टेंबर तुलनेने कोरडे. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपीय पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा चांगल्या नावा महिनोन् महिने आधी ठरून जातात. मला स्वतःला मे अखेर ते जून हा काळ सर्वांत सोयीचा वाटतो: पाऊस ओसरलेला, गर्दी अजून आलेली नाही आणि धुराची भीतीही कमी.

धुराचं नीट समजून घ्या. कोरडं पडलेलं पीट जमिनीच्या आत धुमसत राहतं. वरून विझलेली आग खालून सरकते आणि पुन्हा कुठेतरी वर येते. अल निनोच्या वर्षी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत परिस्थिती फार बिघडू शकते. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळालं, त्याची झळ या उद्यानालाही बसली. २०१९ मध्येही कालिमांतान धुराने भरलं होतं. अशा वेळी विमानं रद्द होतात आणि नदीवर श्वास घेणं कठीण होतं. ज्या वर्षी अल निनोचा अंदाज असेल, त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर सरळ सोडून द्या. दमा असलेल्यांनी तर नक्कीच.

फळांचा हंगामही लक्षात ठेवा. जंगलात फळं भरपूर असली की ओरांगउटान मंचाकडे फिरकत नाहीत. हा हंगाम दरवर्षी त्याच महिन्यात येत नाही, म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी गाईडला विचारा: मंचावर सध्या येतात का? येत नसतील तर सहल रद्द करायची गरज नाही. जंगलात आणि काठावर शोधायला जास्त वेळ ठेवा, एवढंच.

तपासा: रमझान ईदच्या आसपासचा आठवडा टाळला आहे ना? त्या दिवसांत अख्खा देश गावी जायला निघतो, देशांतर्गत विमानं भरलेली असतात आणि नावेवरची माणसंही घरी असतात.

## पायरी २: दोन रात्री नावेवर, त्याहून कमी नको

एका दिवसात स्पीडबोटीने जाऊन येण्याची सोय मिळते. घेऊ नका. इंजिनाच्या आवाजाने काठावरची माकडं आत पळतात, आणि पहाट व संध्याकाळ या दोन्ही कामाच्या वेळा हातून जातात. एक रात्रही अपुरी पडते. पहिला दिवस पोहोचण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी कॅम्प लीकी आटपून लगेच मागे पळावं लागतं.

तीन दिवस-दोन रात्री हा किमान आराखडा. तो उद्यानातल्या तीन मुख्य मंचांच्या वेळांभोवती बसवलेला असतो:

- तांजुंग हारापान: दुपारी ३
- पोंडोक तांगुई: सकाळी ९
- कॅम्प लीकी: दुपारी २

पहिल्या दिवशी तांजुंग हारापान, दुसऱ्या दिवशी सकाळी पोंडोक तांगुई आणि दुपारी कॅम्प लीकी, तिसऱ्या दिवशी परत. क्रम ठरलेला आहे कारण ही ठिकाणं नदीवर याच क्रमाने येतात. नावा सुटतात त्या कुमाई बंदरातून कॅम्प लीकीला नाव थेट गेली तरी चार-साडेचार तास लागतात. वेळा कधीकधी बदलतात, म्हणून निघण्याआधी गाईडकडून पक्क्या करून घ्या.

परवडत असेल तर तिसरी रात्र जोडा. त्या जादा दिवसात नवं ठिकाण गाठायचं नाही. कॅम्प लीकीकडे जाणाऱ्या काळ्या पाण्याच्या फाट्यात नाव बांधून थांबायचं. पक्षी बघणाऱ्यांनी तर ही रात्र सोडूच नये.

मधला दिवस मंगळवार ते गुरुवारमध्ये पडेल असं बघा. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना मंचासमोरच्या बाकांवर जागा मिळत नाही. उद्यानाचं शुल्कही सुट्टीच्या दिवशी वेगळं असू शकतं.

## पायरी ३: नाव ठरवा, आणि सगळं लेखी घ्या

इथल्या नावेला क्लोतोक म्हणतात. ही दुमजली लाकडी नाव असते. खाली इंजिन, स्वयंपाक आणि कामगारांची जागा. वर उघडा डेक, तिथेच दिवसा बसायचं आणि रात्री गाद्या टाकून मच्छरदाणीत झोपायचं. नावाडी, त्याचा मदतनीस, स्वयंपाकी आणि गाईड असा चौघांचा ताफा असतो. हल्ली वातानुकूलित खोल्यांच्या क्लोतोकही मिळतात. माझा सल्ला उघड्या डेकचाच आहे. बंद खोलीत रात्रभर जनरेटर ऐकू येतो, उघड्यावर जंगल ऐकू येतं. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी मात्र खोलीचा विचार जरूर करा, कारण वरच्या मजल्याचा जिना उभा आणि अरुंद असतो.

पैसे पाठवण्याआधी हे प्रश्न विचारा आणि उत्तरं मेसेजवर घ्या:

1. नाव फक्त आमच्यासाठी आहे की इतर प्रवासी असतील?
2. उद्यानाचं प्रवेशशुल्क, नावेचं शुल्क, गाईड, विमानतळावरून ने-आण, जेवण आणि पिण्याचं पाणी यातलं दरात काय धरलं आहे आणि काय नाही?
3. गाईड परवानाधारक आहे का, आणि त्याला इंग्रजी बोलता येतं का?
4. विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तर काय?
5. लाइफ जॅकेट माणशी एक आहे का? लहान मुलाच्या मापाचं आहे का?
6. कचरा कुमाईला परत आणला जातो का?

शेवटचा प्रश्न औपचारिक समजू नका. पर्यटकांनी तो पुन्हा पुन्हा विचारला तरच नावांवर कचऱ्याच्या पिशव्या दिसतील. प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी मोठा पाण्याचा जार ठेवायला सांगा आणि आपली बाटली त्यातून भरून घ्या.

सावधान: विमानतळावर किंवा धक्क्यावर गाठून "आता लगेच स्वस्तात नाव देतो" म्हणणाऱ्याशी घाईत व्यवहार करू नका. बिनगाईडची नाव तर घेऊच नका.

ड्रोन न्यायचा असेल तर त्याची वेगळी परवानगी आधीच काढावी लागते, धक्क्यावर पोहोचून ती मिळत नाही. माझं मत विचाराल तर नेऊ नका. माकडं आणि धनेश दोघेही त्याला घाबरतात.

## पायरी ४: शाकाहारी असाल तर एवढंच सांगून भागणार नाही

ही पायरी वेगळी ठेवली आहे, कारण आपल्याकडच्या लोकांची सगळ्यात जास्त गैरसोय इथेच होते.

नावेवरचं जेवण खरोखर चांगलं असतं. टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), भाज्या, भात, तळलेली केळी यांवर शाकाहारी माणूस तीन दिवस आनंदात राहू शकतो. अडचण आहे ती न दिसणाऱ्या पदार्थांची. तिथल्या सांबाल या लाल मिरचीच्या चटणीत बहुधा तरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते. जेवणासोबत येणाऱ्या पापडासारख्या क्रुपुकमध्येही बऱ्याचदा कोळंबी असते. पालेभाजी परततानाही तरासी पडू शकते. स्वयंपाक्याच्या लेखी मांस नाही म्हणजे शाकाहारी. त्यात त्याची लबाडी नसते.

म्हणून बुकिंग करतानाच स्पष्ट लिहा आणि नावेवर चढल्यावर स्वयंपाक्याला पुन्हा सांगा: "तान्पा दागिंग, तान्पा ईकान, तान्पा उदांग, तान्पा तरासी." म्हणजे मांस, मासे, कोळंबी आणि कोळंबीची पेस्ट नको. अंडं नको असेल तर "तान्पा तलूर". कांदा-लसूण वर्ज्य असेल तर "तान्पा बावांग मेराह, तान्पा बावांग पुतिह". कांदा-लसणाशिवाय तिथला स्वयंपाक जवळजवळ होतच नाही, त्यामुळे जैन मंडळींनी आठवडाभर आधी कळवावं आणि थोडं कोरडं खाणं जवळ ठेवावं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थेपले यांचा आधार मोठा असतो. मात्र हे सगळं नावेवर डब्यात बंद राहायला हवं. जंगलात उतरताना खिशात शेंगदाणासुद्धा नको. का, ते पायरी ९ मध्ये.

## पायरी ५: मग विमान आणि व्हिसा

जवळचा विमानतळ पांगकालान बुन, तिथून कुमाई बंदर गाडीने अर्ध्या तासाच्या आत. पांगकालान बुनला जकार्ता, सुराबाया आणि सेमारांगहून विमानं जातात. जकार्ताहून सव्वा तासाच्या आसपास लागतो. बालीला जोडून जाणार असाल तर सुराबायामार्गे जावं लागेल.

इथे दोन चुका नेहमी होतात.

पहिली चूक जाताना. मुंबईहून जकार्ताला उतरायचं आणि दोन तासांत पुढचं विमान पकडायचं. दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर इमिग्रेशन, सामान, कस्टम्स आणि दुसरं टर्मिनल एवढं सगळं त्या दोन तासांत बसत नाही. जकार्ता किंवा सुराबायात एक रात्र काढा आणि सकाळचं विमान घ्या. पांगकालान बुनला दुपारी १२ च्या आत उतरलात तरच तीनचा तांजुंग हारापानचा मंच गाठता येतो. दुपारचं विमान घेतलंत की पहिला दिवस गेलाच.

दुसरी परतताना. नदीवरून उतरलेल्या दिवशीच रात्री जकार्ताहून भारताचं विमान ठेवू नका. देशांतर्गत विमानाला उशीर होणं नेहमीचं आहे. मध्ये एक रात्र ठेवा.

भारतीयांना इंडोनेशियात आगमनावर व्हिसा मिळतो. शुल्क ५ लाख रुपिया, मुदत ३० दिवस. तो आधी ऑनलाइनही काढता येतो, पण फक्त सरकारी संकेतस्थळावरून काढा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स दुप्पट पैसे घेतात. पासपोर्टची मुदत पोहोचल्यापासून किमान सहा महिने हवी आणि परतीचं तिकीट हाताशी हवं. निघण्याआधी आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरून त्याचा क्यूआर कोड फोनमध्ये जतन करा.

प्रवास विमा घ्या, आणि त्यात आजारी माणसाला दुसऱ्या शहरात हलवण्याचा खर्च धरला आहे का ते बघा. पांगकालान बुनमध्ये रुग्णालय आहे, पण गंभीर आजारात जावा बेटावरच जावं लागेल.

तपासा: रोख रुपिया. नदीवर एटीएम नाही, यूपीआय चालत नाही आणि कुमाई सोडल्यावर मोबाइलची रेंजही जाते. शिल्लक रक्कम, बक्षिसी आणि किरकोळ खर्च यांचे पैसे पांगकालान बुनमध्येच काढून ठेवा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही.

## पायरी ६: सामान

छोट्या विमानांत सामानाची मर्यादा कमी असते आणि नावेवर मोठ्या ट्रॉली बॅगेला जागा नसते. मऊ पिशवी घ्या. जास्तीचं सामान पांगकालान बुनमधल्या हॉटेलात ठेवता येतं.

हवा इतकी दमट असते की धुतलेला कपडा दोन दिवसांतही वाळत नाही. जीन्स आणू नका. पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे, पातळ आणि लवकर वाळणारे कपडे घ्या. पावसाळी ट्रेकला सह्याद्रीत जे जळवांचे मोजे वापरता, तेच इथे चालतात. पावलांना घट्ट बसणारे, तळाला पकड असलेले बूट लागतात. फळीवाटा ओल्या असल्या की घसरायला होतं, आणि पर्यटकांना होणाऱ्या दुखापतींत पडणंच पुढे असावं असं मला वाटतं.

दुर्बीण माणशी एक असावी. आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण दाट सावलीत चांगली चालते. कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या. दोन पॉवर बँक, कारण नावेवर वीज संध्याकाळी काही तासच मिळते. तिथले प्लग गोल दोन पिनांचे असतात. आपला दोन पिनांचा चार्जर बसतो, तीन पिनांसाठी अडॅप्टर लागेल. डोक्याला लावायचा टॉर्च, ओआरएस, बुरशीवरचं मलम आणि रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या.

डास आहेत आणि डेंग्यूचा धोका आहे. मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का, हे निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. नेटवर वाचून ठरवू नका.

मास्क घ्या, माणशी रोज दोन. ते ओरांगउटानांसाठी आहेत. आपल्या साध्या सर्दीचा संसर्ग त्यांना होतो आणि त्यांच्यासाठी तो जीवघेणा ठरू शकतो. बोर्निओचा ओरांगउटान २०१६ पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. निघताना खोकला किंवा ताप असेल तर मंचावर जायचं नाही, नावेवर थांबायचं. हजारो रुपये खर्चून आलोय हे कारण तिथे चालत नाही.

## पायरी ७: पहिला दिवस, कुमाई ते तांजुंग हारापान

धक्क्यावर गाईड पासपोर्टच्या प्रती घेऊन नोंदणी करेल. तेवढ्यात तुम्ही चार गोष्टी बघा: लाइफ जॅकेट, मच्छरदाणी फाटलेली नाही ना, पाण्याचा जार, शौचालयाचा पंप. काही कमी असेल तर कुमाईतच मिळेल, पुढे काही मिळणार नाही.

नाव सुटली की आधी रुंद खाडी लागते, मग नदीच्या तोंडाशी निपा पामची झाडी. इथलं पाणी गढूळ तपकिरी असतं, त्यात वरच्या भागातल्या सोन्याच्या खाणकामाचा गाळ आहे. लोक या टप्प्यात झोपून घेतात. झोपू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी दिसण्याची शक्यता याच भागात चांगली असते.

तीनचा मंच झाला की गाईडला साडेचारच्या आत परत नावेवर येऊ असं सांगून ठेवा. इथे अंधार लवकर पडतो. घड्याळ भारताच्या दीड तास पुढे आहे, तरी साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो आणि सहाला काही दिसत नाही. चार ते साडेपाच ही नाकाड्या माकडांची वेळ. रात्रीच्या मुक्कामासाठी त्यांचे कळप नदीकाठच्या उंच झाडांवर येतात. हे माकड फक्त बोर्निओत सापडतं. कळप दिसला की नावाड्याला सांगा: "तोलोंग, मतिकान मेसिन." इंजिन बंद करा. नाव समोरच्या काठाला टेकवून गप्प बसलं की दहा मिनिटांत ती आपल्याला विसरतात. मग पिल्लांची भांडणं, नरांचे हुंकार आणि नदीवरून मारलेल्या उड्या सगळं दिसतं. त्यांना केळी टाकू नका. त्यांचं पोट पानं आंबवून पचवण्यासाठी बनलेलं आहे, गोड पिकल्या फळांनी ती आजारी पडतात.

सावधान: पोहायचं नाही, डेकवरून पाय सोडून बसायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही. या नदीत पोहायला उतरलेल्या पर्यटकाला मगरीने मारल्याची घटना घडलेली आहे. "स्थानिक मुलं पोहतायत की" हा युक्तिवाद करू नका.

## पायरी ८: दुसरा दिवस, आणि तो पहाटे सुरू होतो

पाचला उठा. साडेपाचला उजाडतं आणि त्याच सुमारास गिबन वानर हाका द्यायला लागतात. चहा डेकवरच मागवा आणि बोलणं बंद ठेवा. पहिल्या तासात काठावर खंड्या, धनेश, चांदी लुटुंग नावाची माकडं आणि पुन्हा नाकाडी माकडं दिसतात. मोठ्या चोचीचा तपकिरी डोक्याचा खंड्या ओळखीचा वाटेल, तो आपल्या कोकणातल्या नद्यांवरही आहे.

नऊला पोंडोक तांगुई. तिथून निघून मुआरा आली या संगमावर नाव उजव्या फाट्यात वळते आणि पाण्याचा रंग एका रेषेवर बदलतो. गढूळ संपतं आणि कोऱ्या चहासारखं काळं, स्वच्छ पाणी सुरू होतं. पानालाकडांतून उतरलेल्या टॅनिन या तुरट द्रव्याने ते रंगलेलं असतं आणि बरंच आम्लधर्मी असतं. खरी पीट दलदल इथे डोळ्यांना दिसते: पाण्यात उभी झाडं, खोडाला टेकू दिल्यासारखी मुळं, श्वास घ्यायला वर आलेली मुळं. नदी इतकी अरुंद होते की दोन्ही काठ हाताच्या अंतरावर येतात. नावाड्याला "प्लान-प्लान" म्हणा, म्हणजे सावकाश. दुपारचं जेवण या टप्प्यात घेऊ नका, आधी किंवा नंतर घ्या, कारण नजर ताटात राहते. सुसरीसारख्या लांब तोंडाची तोमिस्तोमा मगर याच पाण्यात असते.

झाडांच्या शेंड्यांत घरटी शोधा. ओरांगउटान बहुधा रोज संध्याकाळी नवं घरटं बांधतो. पानं हिरवी असतील तर घरटं ताजं आहे, प्राणी जवळपास असू शकतो. तपकिरी असतील तर जुनं.

कॅम्प लीकीच्या धक्क्यावर एकच्या आत पोहोचा. मंचापर्यंत चालत अर्धा-पाऊण तास धरा, आणि वाटेतच कोणी आडवं आलं तर थांबावं लागतं. हे थांबणं धरलेलं नसलं की लोक घाई करतात, आणि घाईत चुका होतात.

रात्री पुन्हा कुमाईकडे धावू नका. काळ्या पाण्यात किंवा संगमाच्या जरा खाली नाव बांधायला सांगा. पाऊस नसेल तर काठावरच्या झाडांवर काजवे दिसतात. टॉर्च बंद ठेवा.

## पायरी ९: फळीवाटेवर आणि मंचासमोर कसं वागायचं

फळीवाट सोडून खाली पाय टाकू नका. वरून पालापाचोळा दिसतो तिथे खाली मांडीपर्यंत चिखल असू शकतो. शिवाय तुडवलं गेलेलं पीट भरून यायला अनेक वर्षं जातात. कठड्यावर न बघता हात ठेवू नका, मुंग्या फार वाईट चावतात. धूम्रपान करणाऱ्यांनी जंगलात एकही थोटुक टाकू नये. कोरड्या दिवसांत एवढ्यानेही आग लागू शकते.

मंचासमोर दोरी बांधलेली असते. दोरीच्या मागे राहा आणि बाकावर बसा. इथले बरेच ओरांगउटान माणसाच्या ताब्यातून सोडवलेले किंवा त्यांचे वंशज आहेत. त्यांना माणसाची भीती कमी आहे, म्हणून धोका जास्त आहे. मोठ्या नराची ताकद आपल्या कल्पनेपलीकडची असते.

- पिशवीत खाणं नको, उघडी पाण्याची बाटलीही नको. त्यांना चेन उघडता येते.
- ओरांगउटान वाटेवर आला तर मागे सरा, बाजू द्या, पळू नका. त्याने पिशवी पकडली तर ओढाताण करू नका, सोडून द्या आणि रेंजरला हाक मारा.
- आई आणि पिल्लू यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका.
- गालांवर रुंद पडदे असलेला नर आला की गाईड म्हणेल तसं, म्हणेल तेव्हा हला.
- फ्लॅश बंद. सेल्फीसाठी प्राण्याकडे पाठ करून उभं राहणं हा सर्वांत धोकादायक प्रकार आहे.
- हात लावायचा नाही. त्याने हात पुढे केला तरी नाही.

गाईड कधीकधी पर्यटकाला खूश करायला जवळ नेतो. तेव्हा नको म्हणायची जबाबदारी आपली आहे. दहा मीटरचं अंतर ठेवा आणि मुलांना हाताशी धरा.

माकड चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी परत निघा. सहल संपवून बघू असं करू नका.

तपासा: परत नावेवर आल्यावर बूट, मोजे आणि कमरपट्ट्याखाली जळवा बघा. जळू उपटू नका. नखाने तिची पकड बाजूला सरकवून सोडवा आणि जखम धुवा.

## पायरी १०: तिसरा दिवस आणि परतल्यानंतर

पहाटेचा तास याही दिवशी सोडू नका. विमान दुपारचं असेल तरी काठावरून सावकाश उतरायला वेळ मिळतो. वाटेत पासालात येथे झाडं लावण्याचा कार्यक्रम असतो. करायचा असेल तर रोपाचे पैसे किती आणि पुढे निगा कोण राखतं हे विचारून करा.

आंघोळीचं पाणी नावेवर बहुधा नदीचंच असतं. दात घासायला जारमधलं पाणी वापरा आणि साबण-शाम्पू कमीत कमी, कारण सांडपाणी सरळ नदीत जातं. उतरताना कचऱ्याची पिशवी कुमाईला उतरवली जाते आहे ना, ते स्वतः बघा. बक्षिसी द्यायची ती नावाडी, मदतनीस आणि स्वयंपाकी यांना वेगवेगळी, हातात द्या. गाईडकडे एकत्र दिली तर वाटणी आपल्याला कळत नाही.

घरी आल्यावर ओले कपडे आणि बूट त्याच दिवशी उन्हात टाका, कॅमेऱ्याची भिंगं पुसून कोरड्या डब्यात ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि आपण कालिमांतानच्या दलदलीत राहून आलो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे डेंग्यू आणि मलेरियाच्या तपासण्या लगेच होतील.